गीर राखणारे, संकर घडविणारे मणिभाई

पुण्याच्या वायव्येला, तळेगाव दाभाडे ओलांडून आंदर मावळाकडे निघाले की इंद्रायणीच्या काठी आंबी हे गाव लागते. आज या परिसराची ओळख औद्योगिक वसाहत आणि महाविद्यालयांमुळे आहे. परंतु मावळची जुनी ओळख भाताची. या नदीचे नाव धारण करणारा इंद्रायणी तांदूळ आता महाराष्ट्रातील शहरी स्वयंपाकघरांत रुळला आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले हे वाण म्हणजे आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर होय. आंबेमोहर हा सह्याद्रीच्या पावसाळी खाचरांत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेला, उंच वाढून लोळणारा, कमी उतारा देणारा, पण सुवासिक भात. आयआर-८ हे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केलेले बुटके, भरघोस उताऱ्याचे वाण. एकाने वास दिला, दुसऱ्याने उत्पन्न.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. संकरित वाणाने शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडू लागले, तसे मूळ आंबेमोहराचे क्षेत्र आक्रसत गेले. उद्या नवा रोग आला, पाऊसमान बदलले किंवा आणखी सरस वाण घडवायचे झाले, तर पैदासकाराला पुन्हा मूळ वाणाकडेच यावे लागणार. तेव्हा ते शिल्लक असेल काय, हा प्रश्न भातापुरता नाही. तो गोठ्यालाही तितकाच लागू आहे. गोठ्याच्या बाबतीत या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला, उरुळीकांचनला होऊन गेला. मणिभाई भीमभाई देसाई हे त्यांचे नाव.

गुजरातमध्ये जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या मातीत मिसळून गेलेल्या या कार्यकर्त्याला लोक संकरित गाईचा प्रसारक म्हणून ओळखतात. ते खरेच आहे, परंतु अर्धे. ज्या गोठ्यातून संकरित पैदाशीचा कार्यक्रम निघाला, त्याच गोठ्यात त्यांनी शुद्ध गीर गाईचा कळप कसोशीने सांभाळला होता. हे दोन्ही धागे एकत्र पाहिल्याखेरीज त्यांच्या जीवनाचा अर्थ लागत नाही.

बापूंच्या सहवासात

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो काळ आणि तो प्रदेश दोन्ही विलक्षण होते. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्याच जिल्ह्यात वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली बारडोलीचा सत्याग्रह झाला. दहाव्या वर्षी दांडीयात्रेची पावले त्याच परिसरातून गेली. शेतसारा, मीठ, खादी हे शब्द त्या मुलाच्या कानावर घरातल्या बोलण्यातून पडत होते. पुढे सुरतेत राहून त्यांनी विज्ञान शाखेचे शिक्षण घेतले. प्रयोग, मोजमाप आणि नोंद यांची जी सवय त्यांना तेथे लागली, ती पुढील आयुष्यात त्यांच्या फार उपयोगी पडली.

१९४२ च्या चले जाव चळवळीत हा तरुण ओढला गेला. भूमिगत कार्य झाले, तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर मळलेली वाट धरण्याऐवजी त्यांनी गांधीजींचा आश्रम गाठला. सेवाग्राममध्ये नवागताला मोठ्या गोष्टी बोलायला मिळत नसत. सफाई, स्वयंपाक, रुग्णसेवा अशा कामांतून माणूस पारखला जाई. मणिभाईही त्यातून गेले.

त्या सुमारास गांधीजींच्या मनात निसर्गोपचाराचा विचार बळावला होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या उपचारगृहात संस्था उभारावी, अशी मूळ कल्पना होती. मात्र शहरातील उपचारगृहात खेड्यातला दरिद्री माणूस येणार नाही, हे ध्यानात आल्यावर गांधीजींनी ती बाजूला ठेवली आणि खेड्याचा शोध सुरू झाला. पुण्याच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील उरुळीकांचन हे गाव निवडण्यात आले. २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी तेथे आले. ऊन, पाणी, माती, साधा आहार आणि रामनाम यांच्या आधारे त्यांनी रोज येणाऱ्या शेकडो रुग्णांना तपासले. आठवड्याभराने, ३० मार्चला, त्यांना दिल्लीच्या वाटाघाटींसाठी निघावे लागले. आश्रमाची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर आली. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे त्यांत होते आणि पंचविशीतील मणिभाईही.

आपले सारे जीवन या गावासाठी द्यायचे, असे वचन मणिभाईंनी गांधीजींना दिले होते. गांधीजी पुन्हा उरुळीला येऊ शकले नाहीत. ३० जानेवारी १९४८ नंतर तर ते वचन मागे घेण्याची किंवा पुढे ढकलण्याची सोयही उरली नाही. मणिभाई अविवाहित राहिले आणि अखेरपर्यंत उरुळीचेच होऊन राहिले.

गोठ्यातील प्रयोगशाळा

त्यावेळचे उरुळीकांचन आजच्यासारखे बागायती आणि गजबजलेले नव्हते. जमीन हलकी, पाणी अपुरे, शिक्षण नाममात्र आणि दारूचे व्यसन घरोघरी. आश्रमात येणारा रुग्ण बरा होऊन घरी जाई आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच दुखणी घेऊन येई. मणिभाईंना त्यातून एक गोष्ट उमगली. आजाराचे मूळ पोटात नसून ताटात आहे आणि ताटाचे मूळ शेतात. ज्या घरात दूध नाही, भाजी नाही, वर्षाचे धान्य पुरत नाही, त्या घराला केवळ पथ्य सांगून भागणार नव्हते. आश्रमाचे काम असे हळूहळू शेती, शिक्षण, सहकार आणि पशुपालन या दिशांनी पसरत गेले. हलक्या जमिनीत फळबागा आणि द्राक्षे घेऊन पाहण्याचे प्रयोग झाले. शाळा उभी राहिली. हाती घेतलेले काम आधी स्वतःच्या जमिनीत करून पाहायचे, हिशेब जमला तरच दुसऱ्याला सांगायचे, अशी त्यांची रीत होती.

गाईचा प्रवेश याच रीतीने झाला. गांधीविचारात गोसेवेला मोठे स्थान. परंतु भाकड जनावरांना आसरा देणे एवढाच तिचा अर्थ मणिभाईंना पुरेसा वाटत नव्हता. गाय शेतकऱ्याला परवडेल तरच ती त्याच्या दावणीला टिकेल, नाहीतर ती कसायाकडे जाईल किंवा उपाशी मरेल, हे वास्तव त्यांनी स्वीकारले होते. गाईचे रक्षण तिच्या उत्पादकतेतून व्हावे, या भूमिकेतून त्यांनी आश्रमात गीर गाईंचा कळप उभा केला.

गीर ही सौराष्ट्रातील गीरच्या डोंगराळ जंगलपट्ट्यातील जात. घुमटासारखे पुढे आलेले कपाळ, पानासारखे लांब लोंबणारे कान, मागे वळलेली शिंगे आणि तांबूस किंवा ठिपकेदार अंग. तेथील मालधारी पशुपालकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. भारतीय गाईंमध्ये दुधासाठी ती अग्रगण्य मानली जाते. हिचे मोल परदेशाने आपल्याआधी ओळखले. एकोणिसाव्या शतकापासून भारतातून ब्राझीलला जी जनावरे गेली, त्यांत गीरही होती. तेथे तिची निवड पद्धतीने शुद्ध पैदास झाली आणि होल्स्टीनशी संकर करून गिरोलांडो ही स्वतंत्र दुधाळ जातही घडविण्यात आली. ब्राझीलने दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवल्या, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मणिभाईंनी गोठ्याची प्रयोगशाळा केली. प्रत्येक गाईचे दूध रोज मोजायचे, वेताची तारीख, भाकड काळ, वासराचे वजन, आजार यांची नोंद ठेवायची आणि त्या नोंदींवरून पुढच्या पिढीचे आईबाप ठरवायचे. सांगायला हे सोपे असले तरी प्रत्यक्षात ते चिकाटीची परीक्षा पाहणारे काम आहे. वळूचे गुण त्याच्या अंगावर दिसत नाहीत, ते त्याच्या मुलींच्या दुधात दिसतात. आज निवडलेल्या वळूपासून गाय गाभण राहिली, तर नऊ महिन्यांनी कालवड जन्मणार, ती वाढून माजावर येणार, गाभण राहणार, विणार आणि तिचे एक वेत पुरे होणार. तेव्हा कोठे तो वळू चांगला की सामान्य, हे कळते. यात पाच-सात वर्षे सहज जातात. एवढ्या अवधीत नोंदवहीत एकदा खाडा पडला, तर सारे श्रम वाया. उरुळीच्या गोठ्यात ही शिस्त पाळली गेली आणि निवड पद्धतीने देशी गाईचे दूध वाढू शकते, याचा पडताळा तेथे मिळाला. सौराष्ट्राच्या डोंगरातील एक जात तिच्या मायभूमीबाहेर, पुणे जिल्ह्यात, शुद्ध स्वरूपात जतन झाली.

संकराचा कठीण निर्णय

निवडीचा मार्ग खात्रीचा असला, तरी संथ होता. १९६० च्या दशकात देश अन्नधान्याच्या तुटवड्यातून जात होता. शहरांत दूध शिधापत्रिकेसारखे मोजून मिळत होते आणि खेड्यातील सामान्य गाय दिवसाला जेमतेम लिटर-दीड लिटर दूध देत होती. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबाला तीन पिढ्या थांबा, मग दूध वाढेल, असे सांगणे मणिभाईंना जड जात होते. त्यातून त्यांनी पुढचे पाऊल उचलले. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी दुधाळ जातींचा गावठी गाईशी संकर केला, तर पहिल्याच पिढीत दूध कित्येक पटींनी वाढते, हे प्रयोगांनी दाखवून दिले होते.

हे काम आश्रमाच्या चौकटीत मावणारे नव्हते. २४ ऑगस्ट १९६७ रोजी भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, अर्थात ‘बाएफ’ या संस्थेची नोंदणी झाली. पुढे बाएफ विकास संशोधन प्रतिष्ठान या नावाने ती देशभर ओळखली जाऊ लागली. गांधीजींच्या शिष्याने विज्ञान, व्यवस्थापन आणि सेवा यांची सांगड घातलेली ही संस्था त्या काळात नवलाची ठरली.

संस्थेच्या कामाची खुबी तिच्या पद्धतीत होती. सरकारी दवाखाने होते, परंतु माजावर आलेली गाय कित्येक मैल चालवत तेथे नेणे शेतकऱ्याला शक्य नसे. गाईच्या माजाचा काळ तासांत मोजायचा असतो. तो चुकला की तीन आठवडे गेले, तेवढे दूध गेले आणि चारा मात्र चालूच राहिला. बाएफने दवाखान्यात गाय बोलावण्याऐवजी प्रशिक्षित कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारी पाठविला. उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठविलेल्या रेताच्या नळ्या घेऊन हा तरुण गावोगाव फिरू लागला. कृत्रिम रेतन करून तो थांबत नसे. गाय गाभण राहिली का, वासरू कसे वाढते आहे, वैरण काय आहे, याची चौकशी आणि नोंद तो करी. चाऱ्यासाठी सुबाभळीची लागवड आणि जनावरांच्या आरोग्याचे काम यांचीही जोड त्याला देण्यात आली.

गांधीवादी वर्तुळात या निर्णयाचे स्वागत झाले नाही. देशी गाय हाच ज्यांच्या गोसेवेचा गाभा होता, त्यांना परदेशी वळूचे रेत भारतीय गाईत मिसळणे रुचले नाही. हा आक्षेप केवळ भावनेचा नव्हता. संकरित गाईला उष्म्याचा त्रास अधिक होतो, गोचिडांतून पसरणारे ताप तिला लवकर जडतात, खुराक आणि औषधपाणी जास्त लागते. संकरित गोऱ्ह्याचे वशिंड लहान असल्याने जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर दमतो. बैलावर शेती चालणाऱ्या देशात ही उणीव मोठी होती.

मणिभाईंनी या आक्षेपांना एका मर्यादेने उत्तर दिले. गीर, साहिवालसारख्या निश्चित लक्षणांच्या भारतीय जाती शुद्ध राखायच्या, त्यांची सुधारणा निवडीनेच करायची. संकर करायचा तो ज्यांना विशिष्ट जात नाही, ज्यांचे दूधही नाममात्र आहे, अशा गावठी गाईंचा. देशाच्या पैदास धोरणाची दिशाही हीच होती. मणिभाईंच्या बाबतीत ती कागदावर राहिली नाही. संकराच्या कार्यक्रमाने जोर धरला, तेव्हाही उरुळीचा गीर कळप मोडला गेला नाही. नवे घडवायचे तर जुने हाताशी असले पाहिजे, हे त्यांनी गोठ्यातच दाखवून दिले.

डोंगरातील गाय

या मर्यादेत एक अवघड प्रश्न दडलेला होता. गावठी म्हणजे नेमके काय? मैदानातल्या दूधसंघाच्या मोजपट्टीने पाहिले, तर सह्याद्रीच्या कुशीतील बहुतेक जनावरे गावठीच ठरतात. अंगाने लहान, दूध बेताचे. पण मावळच्या, अकोल्याच्या किंवा इगतपुरीच्या पावसात जे जनावर चार महिने उघड्यावर तगते, त्याचे मोल केवळ दुधावरून ठरविता येईल काय?

डांगी ही जात याचे उत्तम उदाहरण आहे. नाशिक, अहिल्यानगर, ठाणे या पट्ट्यातील डोंगराळ भागात आणि गुजरातच्या डांगात तिचे वास्तव्य. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव आणि काळे, कठीण खूर. त्या तेलकटपणामुळे पावसाचे पाणी अंगावर मुरत नाही. त्या खुरांमुळे चिखलणीच्या खाचरात आणि दगडी पायवाटेवर पाय टिकतो. महादेव कोळी, ठाकर, कानडी या समाजांनी ही जनावरे राखली. अकोले तालुक्यातील राजूरला भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन हा त्या भागाचा अभिमान आहे. अशा प्रदेशात होल्स्टीनचा संकर झाला, तर दोन लिटर दूध वाढेल, पण आवणीच्या दिवसांत खाचरात उतरणारा बैल मिळणार नाही.

डांगीला जात म्हणून मान्यता होती, म्हणून तिचा विचार तरी झाला. ज्यांना नाव नव्हते, त्या जनावरांचे काय? कोकणातील लहानखुरी, उतारावर चरणारी गाय वर्षानुवर्षे गावठी या सदरातच गणली जात होती. २०१८ मध्ये कोकण कपिला म्हणून तिची स्वतंत्र जातीची नोंदणी झाली. आज ज्याला आपण गावठी म्हणतो, त्यात उद्याची मान्यताप्राप्त जात असू शकते, हे यातून सिद्ध झाले. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राचा आरंभ १९८४ मध्ये झाला आणि जातींच्या नोंदणीची रीतसर व्यवस्था तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. मणिभाईंनी ज्या काळात आपली मर्यादा आखली, त्या काळात डोंगरातील अनाम जनावरांची पुरती मोजदादही झालेली नव्हती. त्यांच्या तत्त्वात खोट नव्हती, मात्र ते ज्या यादीवर उभे होते, ती यादीच अपुरी होती. देशभर झालेल्या संकरीकरणाच्या लाटेत अशी किती स्थानिक रक्ते विरून गेली, याचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही.

वाडीचा प्रयोग

उतारवयात मणिभाईंचे लक्ष डोंगरातील माणसाकडे वळले. दूधधंद्याचा लाभ ज्याच्याकडे पाणी आणि रस्ता आहे, त्याला आधी मिळतो. चढावरच्या आदिवासी कुटुंबाकडे दोन्ही नव्हते. पावसाळ्यात भात किंवा नागली, नंतर विटभट्टीसाठी किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर, हे त्यांचे वर्षाचे चक्र. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात बाएफने वाडीचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक कुटुंबाने आपल्याच सुमारे एक एकर उताराच्या जमिनीवर आंबा, काजूसारखी फळझाडे लावायची, बांधावर जळण, चारा आणि वाऱ्याला आडोसा देणारी झाडे लावायची, मधल्या पट्ट्यात नेहमीचे धान्य घ्यायचे आणि माती-पाणी अडवायचे, असे त्याचे स्वरूप. पहिली काही वर्षे उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालून रोपे जगवावी लागत. झाडे जगली की कुटुंबाचे पाय गावातच स्थिरावत.

ही पद्धत पुढे जव्हारसारख्या महाराष्ट्राच्या डोंगराळ आदिवासी भागातही आली आणि नाबार्डनेही आपल्या आदिवासी विकास निधीतून तिचा देशभर पुरस्कार केला. वाडीत एक गोष्ट सहज साधली गेली. आंब्याच्या ओळींमधल्या जागेत कुटुंबाचे जुने भात, नागली, वरई टिकून राहिले. पोटापुरते धान्य घरच्या बियाण्यावर आणि रोकड फळांवर, अशी वाटणी झाल्याने जुने वाण लगेच बाजूला सारण्याची निकड उरली नाही.

मणिभाईंच्या कार्याची दखल देशाने आणि जगाने घेतली. १९६८ मध्ये पद्मश्री, १९८२ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९८३ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना लाभला. मॅगसेसे पुरस्कार देताना गांधीजींना ३६ वर्षांपूर्वी दिलेल्या वचनाच्या पूर्तीचा आवर्जून उल्लेख झाला. त्यांची राहणी मात्र बदलली नाही. खादीचे कपडे, आश्रमाचे जेवण आणि गोठ्याकडे लक्ष, हा क्रम कायम राहिला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेला वारसा

मणिभाई गेल्यानंतरच्या तीन दशकांत प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्ट झाले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील परदेशी आणि संकरित गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, तर देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला. संकरित गाईने लाखो कुटुंबांच्या घरात पैसा आणला, हे नाकारता येत नाही. त्या पैशावर मुले शिकली, घरे बांधली गेली. त्याचवेळी बैलाची जागा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरने घेतल्याने डोंगरी जनावर राखण्याचे कारणच नाहीसे होऊ लागले. एखादी जात कापली जाऊन संपते असे नाही. तिला जन्माला घालण्याचे कारण उरत नाही, तेव्हा ती संपते.

मणिभाईंनी उभारलेल्या संस्थेने या बदलाची नोंद घेतली. ज्या नायट्रोजनच्या पात्रांतून परदेशी रेत खेडोपाडी गेले, त्याच पात्रांतून आता गीर, साहिवाल आणि अन्य देशी जातींच्या सिद्ध वळूंचे रेतही जाते. उणे १९६ अंशांवर ते वर्षानुवर्षे टिकते. साधन तेच राहिले, त्याचा उपयोग जतनासाठीही होऊ लागला. दुसरीकडे जव्हार, अकोले आणि सातपुड्यातील धडगाव येथे बाएफच्या कार्यकर्त्यांनी भात, मका, ज्वारी, वाल यांच्या स्थानिक वाणांचे संकलन हाती घेतले. शेतकऱ्यांच्या घरातील बियाणे गोळा करायचे, त्याचे गुण नोंदवायचे, दरवर्षी पेरून ते जिवंत ठेवायचे आणि शेजाऱ्याला द्यायचे, अशी ही गावपातळीवरील बियाणे बँक. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या कामाला या चळवळीतून बळ मिळाले. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सह्याद्रीतील गावठी बियाण्याला प्रतिष्ठा प्राप्त झाली. गावठी हा शब्द हिणवण्यासाठी नव्हे तर गौरवाने उच्चारला जाऊ लागला, हा काळाचा मोठा फेरा म्हणावा लागेल.

बियाणे आणि जनावर यांच्या जतनात एक मूलभूत भेद आहे. मूठभर दाणे कोरड्या राखेत ठेवून पुढच्या मृगापर्यंत नेता येतात. जनावराला मात्र रोज वैरण लागते, पाणी लागते, राखणारा लागतो. डांगी गाय टिकायची तर अकोल्याच्या किंवा इगतपुरीच्या पशुपालकाला ती राखणे परवडले पाहिजे. मणिभाईंचा गोसेवेचा पहिला धडा नेमका हाच होता. शेतकऱ्याच्या हिशेबात जे बसत नाही, ते श्रद्धेच्या बळावर फार काळ तग धरत नाही. देशी दुधाला वेगळा भाव, डोंगरी बैलांच्या प्रदर्शनांना आधार, चराऊ कुरणांचे रक्षण, अशा उपायांची गरज त्यातूनच स्पष्ट होते.

आंबीच्या परिसरातील खाचरे आता कारखान्यांच्या भिंतींना टेकली आहेत. जी उरली आहेत, त्यांत पावसाळ्यात इंद्रायणी भात डोलतो. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि काही शेतकरी आंबेमोहर, काळभात यांसारखे जुने भात पुन्हा लावू लागले आहेत. इंद्रायणी लावणारा शेतकरी चुकत नाही आणि आंबेमोहर राखणाराही भाबडा नाही. दोघांची एकमेकांना गरज आहे. एकाच आवारात शुद्ध गीर आणि संकरित कालवड वाढविणाऱ्या मणिभाईंनी सुमारे साठ वर्षांपूर्वी हे ओळखले होते. संकराचे पीक त्यांच्या पश्चात सर्वत्र फोफावले. गोठ्यातला तो दुसरा, शुद्ध कळप राखण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने अंगावर घ्यावे लागते.